अकरा गावांचा भूमिपुत्र

आमच्या कालुबिहानच्या वेशीवर एक कमान आहे. तिच्या डाव्या बाजूला आमचे कपितान दिओस्को, म्हणजे गावचे सरपंच, हसताना दिसतात. उजव्या बाजूलाही तेच हसताना दिसतात. दोन्ही कपितानांच्या कानांमध्ये जी फट उरली, तिच्यात "प्रख्यात बास्केटबॉलपटू क्रिसान्तो पाबिलोना यांचे गाव" अशी ओळ आहे आणि बास्केटकडे झेपावणारा एक माणूस आहे. तो माणूस क्रिसान्तो नाही. क्रिसान्तोचा झेपावतानाचा फोटो कुठेच मिळाला नाही, कारण तो आयुष्यात कधी झेपावला नव्हता. रंगाऱ्यानं दुसऱ्या कुणाचं तरी धड घेतलं आणि त्यावर याचं डोकं बसवलं.

क्रिसान्तोला गावात सांतोय म्हणतात. मी त्याचा शेजारी दोलो, आणि त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना 'पारे' म्हणतो. सकाळी मी मासळी विकतो आणि गावात सामना असला की माइक माझ्या हातात असतो. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. त्यांनी आमच्या गावचे सामने बघावेत आणि गोड बोलून दाखवावं.

सांतोयची कथा त्याच्या नाळेपासून सुरू होते. आमच्याकडे बाळाची नाळ घराच्या पायरीखाली पुरतात आणि सोबत एक पेन्सिल ठेवतात, म्हणजे पोर शिकून शहाणं होतं. सांतोयचा बाप मेल्चोर माडी काढायचा आणि काढलेल्यातली निम्मी झाडावरच संपवायचा. त्याला शहाणं पोर नको होतं, बास्केटबॉल खेळणारं हवं होतं. त्यानं नाळ मैदानावर नेली, सोबत फुटलेल्या बॉलचा रबरी तुकडा घेतला, आणि सगळ्या गावादेखत बास्केटच्या खांबाखाली पुरली. खड्डा किती खोल खणलास, असं त्याला कुणी विचारलं नाही. माडी प्यायलेला माणूस जेवढा खणतो तेवढाच तो होता.

बाप जेमतेम पाच फूट, आई त्याहून बुटकी. पोरगं मात्र पंधराव्या वर्षी दारातून वाकून आत यायला लागलं आणि पुढे तीन वर्षं वाढतच राहिलं. ही उंची आली कुठून, हे मेल्चोरसमोर विचारायची कुणाची छाती झाली नाही. गावची सुईण लोला सेपा, लोला म्हणजे आजी, तेवढी म्हणायची, "रबरानं केलं." म्हातारीच्या शब्दाला मान होता, म्हणून विषय तिथेच मिटला.

पुढे सांतोय राजधानीत गेला आणि व्यावसायिक खेळाडू झाला. आमच्याकडे मोठे संघ गावांचे नसतात, कंपन्यांचे असतात. त्यामुळे देशासाठी रक्त सांडावं तसं सांतोयनं आधी डबाबंद मासळीसाठी रक्त सांडलं. मासळीवाल्यांनी त्याला रंगवाल्यांना दिला आणि बदल्यात एक चपळ बुटका घेतला. रंगवाल्यांनी त्याला कोंबडीखाद्यवाल्यांना दिला आणि बदल्यात पुढच्या वर्षी काहीतरी चांगलं मिळेल असं आश्वासन घेतलं. कोंबडीखाद्यवाल्यांनी त्याला सिमेंटवाल्यांना नुसताच दिला. म्हैस विकतानासुद्धा माणूस तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो. आपण विकले गेलो हे सांतोयला दोनदा टीव्हीवरून कळलं, आणि एकदा बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

तो सेंटर होता. सेंटरचं काम मोठं नाजूक. बास्केटखाली उभं राहायचं, पलीकडच्या धिप्पाडाला ढुंगणानं मागं रेटायचं, दोन-चार कोपरं बरगडीत घ्यायची, आणि एवढं करून बॉल हाती लागलाच तर तो एखाद्या देखण्या बुटक्याकडे द्यायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बुटक्याचा फोटो छापून येतो. हे काम सांतोयनं इमानेइतबारे केलं. उरलेला वेळ तो बाकावर बसायचा, आणि बाकावर त्याच्याइतकं भारदस्त कुणी बसत नसे. त्याची बायको नेल्फा हिच्या दुकानातल्या टीव्हीसमोर अख्खं गाव जमायचं. सांतोय बाकावरून उठून गुडघ्याच्या पट्ट्या वर ओढायला लागला की गावातली वीज जायची. वीज परत आली की तो पुन्हा बाकावर बसलेला असायचा. "खेळला असणार," नेल्फा म्हणायची. "बघा, घाम आलाय."

मग तो परदेशातही गेला. एक हंगाम बँकॉकला, एक सुराबायाला, आणि ब्रुनेईला अर्धा, कारण तो संघच अर्ध्यात बंद पडला. परत आल्यावर मी त्याला विचारलं, "पारे, एवढं जग फिरलास, शिकलास काय?"

"'सरक'," तो म्हणाला. "तिन्ही भाषांत येतं मला. मैदानावर, बसमध्ये, हॉटेलात, सगळीकडे तोच शब्द कानावर पडतो."

गुडघे कुरकुरायला लागले तसा तो गावोगावच्या स्पर्धांमध्ये खेळू लागला. तिथे म्हणे फक्त स्थानिक खेळाडू चालतात. म्हणून प्रत्येक गावचा महापौर आधी सांतोयला स्थानिक करायचा. त्याचं मत, म्हणजे मतदारयादीतलं नाव, आपल्या गावात हलवायचा, व्यासपीठावर गळ्यात हार घालायचा आणि माइकवर सांगायचा, "हा आपल्या मातीचा सुपुत्र!" जर्सी मिळायची तिच्यावर पुढे महापौराचा चेहरा, मागे महापौरीणबाईंचा, आणि उरलीच जागा तर सांतोयचा नंबर. स्पर्धा संपली की सुपुत्र बस पकडून पुढच्या मातीत. अशा अकरा गावांचा तो भूमिपुत्र झाला. एखादा माणूस बारा गावचं पाणी प्यायलाय असं आपण म्हणतो. हा अकरा गावचं प्यायला, आणि बाराव्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावानं, त्याला कधी पाणी विचारलं नाही. सणात आमचा सामना असायचा तेव्हा हा कुठे तरी दुसऱ्याच्या सणात दुसऱ्याचा मुलगा झालेला असायचा.

शेवटी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आतून निघालेले हाडाचे नि कुर्चेचे तुकडे एका बरणीत घालून त्याच्या हातात दिले, आणि सांतोय ती बरणी घेऊन कायमचा घरी आला. इतक्या वर्षांच्या खेळाची एवढी एकच ट्रॉफी त्यानं आणली होती. नेल्फाच्या दुकानात बिस्किटांची बरणी आणि सुक्या मासळीची बरणी यांच्यामध्ये त्यानं ती ठेवली.

"गिऱ्हाईक पळतं," नेल्फा ओरडायची. "काल एकीनं विचारलं, हे केवढ्याला."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, फुकट ने. पण सोबत नवरापण न्यावा लागेल."

या मार्चमध्ये एका संध्याकाळी आम्ही दोघं मैदानाच्या कडेला बसलो होतो. अर्ध्या मैदानावर भात वाळत होतं, उरलेल्या अर्ध्यावर पोरं खेळत होती. पारे पोरांचा खेळ बघत होता. मग म्हणाला, "दोलो, माझ्या कपाटात तीस-पस्तीस जर्सी आहेत. मासळीची आहे, कोंबडीची आहे. कालुबिहानची एकही नाही. मला एकदा आपल्या गावाकडून खेळायचंय. एकदाच. नंतर हे गुडघे गेले तरी चालतील."

"गेले तरी म्हणजे?" मी म्हटलं. "एक तर बरणीत आहे."

तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की हा थट्टेचा विषय नाही, आणि मला वाईट वाटलं. मी दुसऱ्या दिवशी कपितानांकडे गेलो.

कपितान दिओस्कोंनी लगेच होकार दिला. सान व्हिसेंते या आमच्या ग्रामसंताच्या सणाचा अंतिम सामना लुनोकशी होता. लुनोक म्हणजे नदीपलीकडचं गाव, आणि आमचं त्यांच्याशी साप-मुंगसाचं नातं. कपितानांनी जर्सी छापून घेतल्या. पुढे त्यांचा चेहरा होताच. पण पाठीवर, खरं सांगतो, 'सांतोय' असं घरचं नाव होतं. ती जर्सी हातात आल्यावर त्यानं ती नाकाशी धरली. अंगात मात्र घातली नाही. "सामन्याच्या दिवशी," म्हणाला.

आता एक गंमत ऐका. सणाच्या सामन्यात भाडोत्री खेळाडू चालणार नाही, माणूस गावचाच हवा, हा नियम गेल्याच वर्षी झाला होता. आणि तो केला होता आमच्याच कपितानांनी, लुनोकनं कुठून तरी तीन राक्षस आणले तेव्हा, टेबलावर मूठ आपटून. आपण खणलेल्या खड्ड्याची जागा लक्षात ठेवावी एवढी साधी गोष्ट या माणसाला जमत नाही.

सामन्याच्या आदल्या दुपारी लुनोकच्या कपिताना एस्त्रेलिता नदी ओलांडून आल्या. फुलाफुलांची छत्री, ओठाला लाली, आणि मागे त्यांचा अख्खा संघ. आमची माणसं भाताचे ढीग बाजूला सारून मैदानात गोळा झाली. सांतोय खांबाला टेकून उभा होता, खांद्यावर ती जर्सी.

"हा कुठला तुमचा?" एस्त्रेलिताबाई म्हणाल्या. "गेल्या निवडणुकीत यानं मत कुठं दिलं? पलीकडच्या प्रांतात. त्याच्या आधीच्या? आणखी तिसरीकडे. कपितान, तुमचं गाव म्हणजे याची धर्मशाळा."

"त्याचं घर इथं आहे!"

"घर बायकोचं आहे. तिथंसुद्धा हा पाहुणाच. विचारा नेल्फाला."

"पाहुणा परवडला," नेल्फा दुकानातून ओरडली, "दोन दिवसांनी जातो तरी!"

सगळं मैदान हसलं. सांतोय खाली भाताकडे बघत राहिला.

कपितानांनी मग घसा खाकरला. सभेत त्यांना काही सुचलं की ते पोट आत घेतात, तसं त्यांनी घेतलं. "कपिताना, मतं हलतात, घरं हलतात. नाळ हलत नाही. याची नाळ याच खांबाखाली पुरली आहे, सगळ्या गावादेखत. नाळ जिथं पुरली, माणूस तिथला. नाही म्हणून दाखवा."

आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. लुनोकची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एस्त्रेलिताबाईंनी शांतपणे छत्री मिटली.

"नाळ ना? ती आमच्याकडे आहे."

"काय?"

"मेल्चोरनं पुरली ती विताएवढ्या खड्ड्यात. माझ्या आजीच्या पांढऱ्या कुत्र्यानं तिसऱ्या दिवशी उकरली आणि नदी पार करून आमच्या अंगणात आणली. आमच्या घरात अजून सांगतात. नाहीतर हा जन्मभर असा का भटकतोय? खोल पुरलेल्या नाळेचा माणूस कधी ब्रुनेईला जातो का?"

आमच्या माणसांनी माना खाली घातल्या. कारण ही कुजबुज आमच्याही गावात होतीच. फक्त मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं.

"तेव्हा हा लुनोकचा," बाई पुढे म्हणाल्या, आणि सांतोयकडे वळून त्यांनी आवाज एकदम मऊ केला. "तू आमच्याकडून खेळ, बाबा. आमचीच माती आहेस. सेंटरची जागा रिकामी आहे."

मी सांतोयला जन्मापासून ओळखतो. मासळीवाले, रंगवाले, महापौर, कुणीही 'ये' म्हटलं की तो पिशवी उचलून जायचा. या माणसाला 'नाही' म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"कपिताना," तो म्हणाला, "अकरा गावांनी मला आपला म्हटलं. मी प्रत्येकाला बरं म्हटलं. तुम्हाला म्हणतो, नको. इथं खेळता येत नसेल तर मी उद्या दुकानात बसेन." आणि खांद्यावरची जर्सी काढून त्यानं नीट घडी घालायला सुरुवात केली. 

"लोला सेपाला बोलवा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "नाळ तिनंच कापली होती!"

लोला सेपा त्या वेळी वरच्या आळीला एका मयताच्या घरी पत्ते खेळत होती. मयताला सोबत करायची म्हणून आमच्याकडे पत्ते खेळतात. लोलाला मयताचं इतकं वाटतं की दोन-दोन दिवस ती तिथून हलत नाही. ती आली तीसुद्धा हातातले पत्ते छातीशी धरून, मागे ठेवले तर कुणी बघेल म्हणून.

"लवकर विचारा," ती म्हणाली. "डाव अर्धा टाकून आलेय."

कपितानांनी विचारलं. लोलानं एकदा एस्त्रेलिताबाईंकडे पाहिलं, एकदा सांतोयकडे, आणि त्याच्या हातातल्या घडीकडे.

"कुत्र्यानं उकरली, हे खरंय."

लुनोकवाल्यांनी आरोळी ठोकली.

"गप्प बसा रे. पुढं ऐका. मी काठी घेऊन मागं धावले. नदीकाठी गाठलं त्या कुत्र्याला. तोंडातून सोडवली, परत आणली, आणि खांबाच्या पलीकडच्या अंगाला कमरेइतका खड्डा करून पुरली. मेल्चोर घोरत पडला होता, त्याला काय कळतंय. पोरगं इथलंच आहे."

"पण लोला, माझी आजी तर सांगायची..."

"तुझ्या आजीचं मला सांगू नकोस. तुझीही नाळ मीच कापलीय, एस्त्रेलिता. ती कुठं गेली ते सांगू का सगळ्यांसमोर?"

एस्त्रेलिताबाईंनी छत्री उघडली. "खेळू दे म्हाताऱ्याला," त्या म्हणाल्या. "आमचाच फायदा आहे."

दुसऱ्या दिवशी सांतोयनं जर्सी घातली. पोट जरा जास्त झालं होतं, त्यामुळे छातीवरच्या कपितानांचा चेहरा ताणून दुप्पट खूश दिसत होता. मी माइकवर होतो. "मंडळी," मी म्हटलं, "आपला सेंटर मैदानात येत आहे. आज निघालाय, उत्तरार्धापर्यंत पोहोचेल."

खरं तर तो बरा खेळला. म्हणजे उभा राहिला. लुनोकची पोरं त्याच्यावर आपटून बाजूला पडत होती. पण मला सांगायचंय ते वेगळंच. इतर गावांत चुकला की लोक त्याला 'ए खांब' म्हणायचे, 'भाडोत्री' म्हणायचे. इथे पहिलाच बॉल हातून निसटला आणि चारी बाजूंनी आवाज आले.

"अरे मेल्चोरच्या रेड्या, हात वर कर!"

"सांतोय, चड्डीत मुतायचास तेव्हा यापेक्षा जोरात पळायचास!"

"जेवायला बोलावलं की बरा धावतोस, मेल्या!"

ही शेवटची त्याची सख्खी मावशी. सांतोय बास्केटखाली उभा राहून हसत होता. बरगडीत कोपर बसलं तरी हसत होता. शिव्या तो जन्मभर खात आला होता, पण बापाच्या नावानं दिलेल्या घरच्या शिव्या त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होत्या.

शेवटचं मिनिट आलं. आम्ही एका गुणानं मागे होतो. बॉल उडाला आणि नेमका सांतोयच्या हातात पडला, बास्केटच्या अगदी खाली. सवयीनं त्यानं मान वळवली आणि एखादा देखणा बुटका शोधायला लागला.

"मार!" अख्खं गाव ओरडलं. "तूच मार!"

माझ्या जिभेवर त्या क्षणी एकही टोमणा नव्हता. मी माइकमध्ये नुसतं 'सांतोय' म्हणालो.

त्यानं मारला. बॉल कड्यावर बसला, सावकाश गोल फिरला, जणू आत जावं की नाही यावर विचार करतोय, आणि बाहेर पडला. शिट्टी झाली. लुनोक जिंकलं.

मग जो शिव्यांचा पाऊस पडला त्याला तोड नाही. लोक त्याला शिव्या देत देत डुकराच्या भाजलेल्या मांसापाशी घेऊन गेले, शिव्या देत देत त्याचं ताट भरलं, आणि मावशीनं तर "हात आहेत का सुपं, एवढंसं टाकता आलं नाही!" असं म्हणत कुरकुरीत सालीचा मोठा तुकडा त्याच्याच ताटात घातला. इतर गावांत हरल्यावर महापौराची गाडी याला न घेताच निघून जायची. इथे चार माणसांनी त्याच्या गुडघ्याला तेल चोळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खात होता.

सकाळी बाया भात पसरायला मैदानात यायच्या आत सांतोय खांबाजवळ लंगडत फेऱ्या मारत होता. लोला सेपा पेजेचं भांडं घेऊन कट्ट्यावर बसली होती. मी मासळीची टोपली घेऊन निघालो होतो, थांबलो.

"लोला," सांतोयनं विचारलं, "नेमकी कुठं पुरलीस? इथं, की इथं?"

"काय?"

"नाळ."

"अरे, ती कुत्र्यानं खाल्ली," लोला म्हणाली. "मी पोचले तेव्हा ते तोंड चाटत होतं. कुत्रं काही शिल्लक ठेवतं होय?"

"मग परवा तू सगळ्यांसमोर..."

"परवा माझ्या हातात तीन राण्या होत्या. मला लवकर परत जायचं होतं." तिनं पेजेचा घोट घेतला. "आणि तू ती घडी घालत होतास. मला बघवेना."

 मला वाटलं, आता सांतोय मनातून मोडला. पण तो दुकानात गेला आणि गुडघ्याची बरणी घेऊन बाहेर आला.

"टाकायला काढलीस अखेर?" नेल्फा म्हणाली. "सान व्हिसेंते पावला!"

 त्यानं शेजारून, माझ्या घरून, पहार आणली आणि खांबाच्या पलीकडच्या अंगाला खणायला लागला. गुडघे वाकत नाहीत, म्हणून दोन्ही पाय पुढे पसरून, जमिनीवर बसून खणत होता. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "राहू दे. बापानं घाई केली होती." खड्डा मांडीएवढा झाला, मग कमरेएवढा. तो पोटावर आडवा झाला आणि हात खांद्यापर्यंत आत घालून त्यानं बरणी तळाशी ठेवली.

नेल्फा दारातून हे बघत होती. मग दुकानात गेली आणि एक नवी पेन्सिल घेऊन आली.

"ही पण टाक," ती म्हणाली. "या खेपेला तरी शहाणा निघशील."

त्यानं पेन्सिल आत टाकली, माती लोटली, नदीकाठची एक चपटी फरशी आम्ही दोघांनी ओढत आणून वर बसवली, आणि सांतोय तिच्यावर चढून उभा राहिला. तोवर बाया भाताची पोती घेऊन आल्या होत्या.

"सरक रे," त्यातली एक म्हणाली. "भातावर सावली पडतेय."

तो सरकला नाही.